डब्ब्याच्या पोटात काय घालायचं

७ नोव्हें. ९३, पूर्णा

अक्काचा कॉम्प्युटरचा कोर्स संपला. रोज पॅसेंजरनं परभणी, येताना अंधार. आता अण्णांची, म्हणजे बापाची पाळी. कोर्स झाला की पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून देतो, लोकांचे अर्ज-बायोडाटा टाइप करून देत जाय, कुणाच्या दारात नोकरीला जायाचं काम न्हाई, असं तेच बोलले होते. तयार मशीन लय महाग. म्हणून परभणीचा अजीजभाई हैद्राबादहून सुटे पार्ट आणून जोडून देणार. आज अण्णा, अक्का अन् मी त्याच्याकडं. मी ओझं उचलायला. दहावीला दोनदा आपटलेल्या माणसाला तिथं दुसरं काय काम.

अजीजभाई म्हणला ३८६ प्रोसेसर हाय, आजच जोडतो. थोडं जास्त टाकलं तर ४८६. मग चहा पिता पिता बोलून गेला की त्याच्याबी पुढचा निघालाय, लोक ५८६ म्हणायलेत, इकडं यायला टाइम हाय. झालं. अण्णांनी कप खाली ठेवला. काहीच न घेता परत.

८ नोव्हें.

अण्णांचं दुखणं मला माहीत हाय. त्यांनी ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही घेतला अन् लगेच समोरच्या टी.सी. काकांकडं रंगीत आला. सगळी रेल्वे कॉलनी तिकडं. आमच्या टीव्हीपुढं आमी चौघं. कॉलनीत अजून त्यांना मागून ‘काळापांढरा गार्ड’ म्हणतात. (नाव मीच ठेवलं. त्यांना पत्ता न्हाई.)

जेवताना निकाल दिला. जे शिळं होत न्हाई ते आत्ता घ्यायचं. डब्बा, कीबोर्ड, मॉनिटर, टेबल. पोटातला प्रोसेसर अन् त्याचा बोर्ड, ते नवीन आल्यावर. मॉनिटर मात्र रंगीत.

अक्का म्हणली, तवर मी काय करू. अण्णा म्हणले, थांब की, घाई कशाची.

१४ नोव्हें. पाडवा

सामान आलं. अण्णांनी आपल्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून आणलं, मांडीवर घेतल्यासारखं. आईनं हळदकुंकू वाहिलं, वर धुतलेली चादर. मी डब्बा वाजवून बघितला. ढबढब. अण्णा म्हणले हात लावू नको. आत हायच काय बिघडायला.

२१ नोव्हें.

कॉलनीला वाटायलंय कॉम्प्युटर आला. मी पुठ्ठ्यावर लिहून लावलं : चपला बाहेर. मोठ्यानं बोलू नये. मशीनला हवा लागते. टी.सी. काकांनी चपलाच काय, मोजेबी काढले. डब्ब्यापुढं कुजबुजत बोलायले.

२८ नोव्हें.

आजचा दिवस झकास.

काकांना बदलीचा अर्ज इंग्रजीत पाहिजे होता. मी म्हणलं तोंडी सांगा, मशीन ऐकतंय. सांगितलं बिचाऱ्यानं, नाव, पगारनंबर, बायकोचा दमा, सगळं. आतल्या खोलीत अक्कानं अण्णांच्या दोस्ताच्या जुन्या टाइपरायटरवर अर्ज मारला. टेबल दोन खोल्यांमधल्या खिडकीला लागूनच हाय. मी आतून हात घातला, डब्ब्याच्या मागच्या भोकातून कागद घडी करून पुढच्या फ्लॉपीच्या फटीतून हळूच बाहेर सोडला. काकांनी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला.

म्हणले, “गरम बी न्हाई झाला वो.”

आत अक्का तोंडात पदर धरून हसायली. नंतर एकदम हसायची थांबली.

५ डिसें.

कामं यायलीत. रोज दोन-तीन. डब्बा नावाला, टाइपरायटर कामाला. अण्णांना कळलं, पण रागावले न्हाईत. उलट म्हणले, बघ, थांबून काही बिघडलं का.

दुपारी अक्का पुढच्या खोलीत एकटी बसली होती. मॉनिटर बंद. कीबोर्डवर बोटं चाललेली. काय करायलीस, तर म्हणली, कमांडा विसरायले. त्यात चेष्टा करण्यासारखं खूप होतं. केली न्हाई.

१९ डिसें.

अण्णा परभणीहून आले, लय खूश. अजीजभाई आता म्हणायलाय घाई करू नका, बजेटनंतर ४८६चा भाव उतरतो. मागच्या खेपेला हाच आजच जोडतो म्हणत होता. मी विचारलं, त्याच्याकडचा ३८६ कुठं गेला. विकला. म्हणून बजेट आठवलं त्याला.

त्याच पिशवीतून दुसरी बातमी निघाली. टी.सी. काकांनी अक्कासाठी पाथरीचं स्थळ आणलंय. पोरगा बँकेत. बापाची शेती, भुसार दुकान. संक्रांतीला बघायला येणार. आई म्हणली एवढ्यात कशाला. अण्णा म्हणले चांगलं स्थळ आपल्यासाठी थांबून राहत न्हाई.

अक्का भाकरी थापायली होती. हात न थांबवता म्हणली, “मशीन जुनं हुईल म्हणून थांबायचं, अन् मी जुनी हुईन म्हणून घाई. व्हय अण्णा?”

अण्णा पाणी पिऊन ड्यूटीवर गेले. ड्यूटी संध्याकाळची होती.

१४ जाने. ९४

पाहुणे आले न्हाईत. विद्यापीठाच्या नामांतराचं जाहीर झालं, एस्ट्या बंद, बाजार अर्धा बंद. स्टेशनमागं ढोल चालला होता. मी जाऊन नाचून आलो. अण्णांना सांगितलं तिळगूळ वाटत होतो.

आईनं केलेले पोहे आमीच खाल्ले.

२३ जाने.

आज आले. पोरगा, बाप, सोबत टी.सी. काका. पोरगा बरा हाय, आवाज खाली, शर्टाची वरची गुंडी लावलेली. बापाची नजर मात्र अक्का बाहेर यायच्या आधीच टेबलावर. चपला काढून जवळ गेला. चादर जरा उचलली.

विचारलं, कोणता हाय.

अण्णा तोंड उघडायच्या आत मी म्हणलं, ५८६. सवय हाय, काय करू.

बाप वळून आपल्या माणसासारखं हसला. म्हणला, गार्डसाहेब, आमाला देणंघेणं काहीच नको. फक्त ही वस्तू पोरीसंगं यावी. दुकानाचा हिशोब हुईल, ती बी बसून करील. चालू करून दाखवा की जरा. मी म्हणलं रविवारी त्याला सुट्टी असते. टी.सी. काकांनी मान हलवली, म्हणजे त्यांना पटलं.

अण्णा पोह्याच्या बशीत बघायले.

तेवढ्यात अक्का चहा घेऊन आली. ट्रे ठेवला अन् पोराकडं बघून साध्या आवाजात म्हणली, “आत काय न्हाई. डब्बा खाली हाय. काम मी टाइपरायटरवर करते.”

टी.सी. काकांचा चेहरा मी जिंदगीत विसरणार न्हाई. बाप अण्णांकडं, अण्णा माझ्याकडं. पोरगा तेवढा अक्काकडं. त्यानं विचारलं, मग भरणार कधी. अक्का म्हणली, ते अण्णांना विचारा.

पाहुणे गेल्यावर अण्णांनी मला मारलं न्हाई. मारलं असतं तर बरं झालं असतं.

६ फेब्रु.

पाथरीचा निरोप. टी.सी. काका घेऊन आले. माझ्याशी बोलत न्हाईत, म्हणून भिंतीकडं बघून सांगितला. पोरगी पसंत. डब्बा खाली असला तरी चालंल. पण भरायचा तर त्यात ५८६च घाला. तो येऊ द्या, मग मुहूर्त काढू. आमाला घाई न्हाई, आमी थांबतो.

अण्णा म्हणले कवा येणार तो. काका म्हणले सहा महिने, वर्ष, कुणाला ठाऊक.

अण्णा उठले. बसले. परत उठले. म्हणले, “मशीन येईस्तोवर माझी पोर टांगून ठेवायची?”

आत टाइपरायटर चालू होता तो थांबला. मग परत चालू झाला.

९ फेब्रु.

सकाळच्या पॅसेंजरनं अण्णा, अक्का, मी, सोबत रिकामा डब्बा. अजीजभाईकडं एक ३८६ बोर्ड परत आलाय, कुण्या डॉक्टरनं ४८६ घेऊन हा सोडला. अजीजभाई आधी जुनंच गाणं म्हणायला, बजेट होऊ द्या. अण्णा म्हणले, न्हाई, हाच बसवा. आज. जुना प्रिंटरबी घेतला, करकर करणारा.

अजीजभाईनं सवयीनं विचारलं, “गार्डसाब, पक्का ना? मागून बोलताल मला, पुराना दिला म्हणून.”

अण्णा म्हणले, “मला न्हाई, तिला विचार. बसणार ती हाय.”

अक्कानं स्टुलावर बसून कीबोर्ड पुढं ओढला. अर्धा दिवस उठली न्हाई. अण्णा बाहेर बाकावर. मी केळी आणली. विसरलेलं सगळं न्हाई आठवलं तिला. बरंच आठवलं.

येताना पिंगळीला गाडी उभी राहिली तवा मी विचारलं, पाथरीला काय कळवायचं. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणले, कळवू. बोर्ड बसवलेला डब्बा अक्काच्या मांडीवर होता.

२७ फेब्रु.

चालू हाय. पुढच्या खोलीत करकर. मराठी अजून येत न्हाई त्यात, इंग्रजीच. आमच्या टी.सी. काकांनी बदलीचा दुसरा अर्ज आणलाय, पहिला गहाळ झाला म्हणं. मशीनकडं आता नीट बघतबी न्हाईत.

अण्णांनी पाथरीला अजून काही कळवलं न्हाई. आई रोज विचारते. अण्णा म्हणतात पोरीला विचार. अक्का म्हणते काम हाय.

६ मार्च ९४

दुपारी पाथरीचा पोरगा आला. एकटाच. बाप न्हाई, टी.सी. काका न्हाई. एस्टीनं आला असणार, केसात धूळ. हातात बँकेच्या परीक्षेचा अर्ज, टाइप करून पाहिजे. पाथरीत टाइपरायटर न्हाईत का, हे मी विचारणार होतो. आईनं मागून शर्ट ओढला.

अक्का स्क्रीनवरून मान वर न करता म्हणली, “बसा. तुमच्या आधी दोघं हायत.”

बसला. त्यानं विचारलं, ३८६ हाय का. अक्का म्हणली हो. मग त्यानं काय विचारलं न्हाई.

पहिला नंबर टी.सी. काका सकाळी टाकून गेलेल्या अर्जाचा, चार पानांचा. करकर चालू. तासभर झाला, पोरगा तिथंच, दाराकडं एकदाबी बघितलं न्हाई. शेवटची एस्टी पाचची. मी त्याला सांगू का नको करायलोय. मशीन हळू हाय. अक्काबी काही घाई करायली न्हाई.