माझ्या बाजूच्या चाकाचा आवाज

३ मार्च

कात्रीला आवाज असतो! कापडातून जाताना कर्रर्र — कर्रर्र. सारा जन्म पडदे आणि फ्रॉक बेतण्यात गेला आणि हा शोध आज! पूर्वी येतच असणार ऐकू, पण मी तो साफ विसरले होते. काम संपल्यावर उगाचच दोन चिंध्या कापल्या. नुसत्या ऐकायला.

काल दवाखान्यातल्या त्या कान तपासणाऱ्या पोरीने — मी तिला मनात कानवाली म्हणते — दोन्ही कानांत यंत्रं बसवून दिली. महिनाभर वापरा, नाही पटलं तर महिनाअखेर परत द्या, म्हणाली. केसांखाली झाकली जातात. हे आणि लेक सोडून कोणालाही सांगितलेलं नाही.

नळ, चपला, कागदी पिशवी. पिशवी तर काय भांडकुदळ!

४ मार्च

फ्रिज दिवसभर गुणगुणतो. आणि टीव्ही केवढ्याने लावतात हे! माझ्यासाठी मोठा ठेवायची सवय, बिचारे. म्हटलं, "अहो, आता हळू केलात तरी चालेल मला." "हळूच तर आहे," म्हणाले.

६ मार्च

गाडीने बाजारात गेलो. खड्डा आला की माझ्या पायाशी कुंईऽ. पुन्हा खड्डा, पुन्हा कुंईऽ.

"अहो, हे काय वाजतंय?"

"कुठे काय वाजतंय?"

"माझ्या बाजूच्या चाकाकडे."

हे हसले. "तुझं यंत्र वाजतंय ते. गाडीचं मला सांगतेस?"

आता यांच्यापुढे काय बोलणार! उभं आयुष्य बस चालवली. डेपोत म्हणे डोळे मिटून सांगायचे कुठली बस आत येतेय. "गाडी बोलते, ऐकायला कान हवेत" — हे वाक्य लग्नापासून ऐकतेय. ऐकू येईना झालं तेव्हाही ते यांच्या ओठांवरून बरोबर कळायचं.

९ मार्च

यंत्रं काढली की आवाज बंद. लावली की सुरू. म्हणजे हे म्हणतात तेच खरं की काय?

कानवाली म्हणालीच होती, कधी कधी यंत्र स्वतःच शिट्टी मारतं. मग आणखी काय काय खोटं आहे? कात्री? फ्रिज? काल फोनवर लेक हसली, किती गोड वाटलं — तेही यंत्राचंच? डोक्याचा नुसता भुगा झालाय.

शेजारणीला गाडीत बसवून विचारता येईल. पण मग यंत्राचं सांगावं लागेल. आठ वर्षं तिच्या प्रत्येक बोलण्यावर "हो ना, हो ना" केलंय मी. कशाकशाला केलं, ती आठवायला बसेल!

ठरलं. महिनाअखेरच्या आत या कुंईचा छडा लावायचा. आवाज गाडीचा निघाला तर यंत्रं ठेवायची. नाही तर परत. खोट्या आवाजांपेक्षा शांतता परवडली.

१३ मार्च

धाकट्या दिरांचं गॅरेज आहे, दुसऱ्या गावी. त्यांना मेसेज केला. लगेच उत्तर आलं — वहिनी, कुंई म्हणजे बहुतेक रबर. चाकामागे एक आडवी सळई असते, तिला रबराचे बुश धरून ठेवतात. जुने झाले की रडतात. पण घरात दादा असताना मला का विचारताय?

फोन पालथा ठेवला.

हे दुपारचे झोपले होते. स्टिअरिंग पूर्ण वळवलं, म्हणजे चाकामागे डोकावता येतं. आणि बघतच राहिले! केवढी ती स्प्रिंग! अंगठ्याएवढा जाड लोखंडी वेढा, वर-खाली चिखल माखलेला. माझ्या शिवणयंत्रातली स्प्रिंग म्हणजे हिचं नातवंड. आम्ही दोघं, आठवड्याचा बाजार, यांचं पोट — सगळा भार हिच्यावर. प्रत्येक खड्डा ही आधी स्वतः सोसते, मग थोडासा आमच्यापर्यंत पोचू देते. इतकी वर्षं मी हिच्यावर बसून फिरले आणि एकदाही वाकून पाहिलं नाही. हात जोडावेसे वाटले, खरंच.

सळई सापडली. बुशही सापडला. शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणली आणि सोडले चार थेंब. आमच्या घरात बिजागरीपासून कुलपापर्यंत सगळ्या दुखण्यांवर तेच औषध.

१४ मार्च

आवाज गेला!!

१७ मार्च

परत आला. पहिल्यापेक्षा मोठा.

दीर फोनवर ओरडले, "रबराला तेल? अहो वहिनी, फुगून वाया जातं ते!" हसावं की रडावं! इलास्टिकला तेलाचं बोट लागलं तर गिऱ्हाइकाची खरडपट्टी काढणारी मी — आणि माझी अक्कल गेली कुठे!

पण एक झालं. तेल गाडीला लावलं आणि आवाज बदलला. माझ्या कानात तर तेल ओतलं नव्हतं! यांना सांगितलं. "मनाचे खेळ असतात गं," म्हणाले. झालं, पुन्हा शंका. मनाचे खेळ मलाही माहीत आहेत.

२१ मार्च

आजचं सगळं लिहून ठेवायचंय.

सकाळी हे खुशीत होते. म्हटलं, "अहो, मी खाली बघते, तुम्ही पुढून गाडी दाबाल?" "तुझी हौस होऊ दे," म्हणाले. हँडब्रेक ओढला, चाकांना विटा लावल्या, चांगला भार टाकून गाडी झुलवायला लागले. मी जमिनीवर फतकल मारून, हातात इस्त्रीसाठी पाणी फवारायची बाटली. दिरांनीच सांगितलं होतं — एकेक जागा ओली करा, जिथे गप्प बसेल तिथे चोर.

स्प्रिंगच्या वर पाणी मारलं. कुंईऽ. खालच्या सांध्यावर मारलं. कुंईऽ. बुशवर मारलं.

काही नाही! दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं — एवढी मोठी गाडी दोन फुसकाऱ्यांत गप्प! थोड्या वेळाने पाणी सुकलं तशी पुन्हा रडायला लागली.

मग सुचलं. दोन्ही यंत्रं काढून खिशात ठेवली. सगळं जग बंद झालं. सळईवर, बुशला लागून, तळवा टेकवला आणि खूण केली — दाबा.

आणि आवाज हातात आला! बारीक थरथर, सुईखाली दोरा अडकल्यावर यंत्र देतं तशी. आठ वर्षं हाच तळवा माझा कान होता. पंप चालू आहे का, शिवणयंत्र नीट धावतंय का, सगळं त्यानेच सांगितलं. तो कधी खोटं बोलला नाही. मी तिथेच रडले. म्हणजे कात्री खरी. फ्रिज खरा. लेकीचं हसू खरं!

यंत्रं लावली आणि ओरडले, "खरा आहे! आवाज खरा आहे!"

हे माझ्याकडे बघत होते. "कधी आला? आत्ता, मी दाबत होतो तेव्हा?"

"दर वेळी."

त्यांनी स्वतःच पुन्हा दाबलं. कुंईऽ. मान कलती करून, चाकाजवळ वाकून उभे राहिले. तसेच उभे राहिले. आवाज येऊन गेला होता आणि हे अजून त्याची वाट बघत होते.

मग खाली बसले — गुडघे वाजले, तेही ऐकलं मी — आणि हात आत घातला. आता मी उठून गाडी दाबली. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

"आहे," म्हणाले. एवढंच.

हात धुऊन आत गेले. टीव्ही लागला. मी दारापर्यंत गेले हळू करा म्हणायला, आणि तशीच मागे फिरले. जिंकले होते, पण आनंद कुठल्या कुठे पळाला.

२२ मार्च

वरण करपलं. (वास दोघांनाही आला.)

२६ मार्च

दिरांनी नवे बुश पाठवले, रबराला चालणाऱ्या ग्रीसच्या डबीसकट.

पाना यांनीच हातात घेतला. मी बॅटरी धरून. "चौदा नंबरचा पाना दे. कापड दे. उजेड हलवू नकोस!" आवाजात जुना रुबाब होता, बरं वाटलं. डोळे मिटून बोटांनीच बोल्ट शोधत होते. एका बाजूचा बदलायचा तर दुसऱ्या बाजूचाही बदलायचा, म्हणाले, नाही तर नवा जुन्याची चेष्टा करतो. जुना बुश निघाला तेव्हा दोघंही बघत राहिलो. मुठीत मावेल एवढं रबर, चिरलेलं, आतून घासून चकचकीत, माझ्या तेलाने मऊ पडलेलं. आणि एवढ्याशा जिवाने केवढं घर हलवलं!

संध्याकाळी चक्कर मारली. गतिरोधक आला — धप्प. बस्स. कुंई नाही.

"गेला आवाज," हे म्हणाले.

तुम्हाला कसं कळलं, हे मी विचारलं नाही. "गेला," म्हटलं.

आणि मग, त्या रिकाम्या झालेल्या जागेत, दुसरंच काही ऐकू आलं. हे गाडी चालवताना गुणगुणतात! ओठ मिटून, त्यामुळे इतकी वर्षं मला दिसलंही नाही. कुठलं गाणं ते देव जाणे, सुराचा पत्ता नाही, पण चाललं होतं आपलं. मी श्वास रोखून घरापर्यंत ऐकलं. त्यांना स्वतःला येत असेल का ते ऐकू?

३१ मार्च

यंत्रं ठेवली. कानवालीने कागदावर सही घेतली, मी खुर्चीवरून उठले. हे दाराशी उभे होते. निघायचं सोडून आत आले.

"तुझं झालं ना?" म्हणाले. "मग आता मी बसतो."