जिवाणूला सुनीताचं नाव

बुधवार, संध्याकाळ

खोल समुद्राच्या गाळातला आमचा जिवाणू नवीनच प्रजातीचा ठरला. आता त्याला नाव द्यायचं. गाळ जहाजावरून आमच्या प्रयोगशाळेतल्या सुनीतानेच आणला होता. ती जाऊन वर्ष झालं. तिचंच नाव द्यावं, पण न विचारता कसं? शेवटी भिवापूरला तिच्या आईला फोन केला.

"माह्या पोरीचं नाव जंतूले काहून देऊन राहिली वं?" काकू चिडल्याच. चुकलं का माझं?

म्हटलं, हा रोग करत नाही. समुद्राच्या तळाशी, अंधारात राहतो.

काकूंनी हळूच विचारलं, "तिथं एकटाच राह्यते का तो?"

"नाही काकू. लाखोंनी असतात, एकमेकांना चिकटून."

"मंग दे."

त्यानंतर कितीतरी वेळ दोघींनीही फोन ठेवला नाही.