ठमीची सातची सुई

गुरुवार, सकाळचे दहा वाजून सहा मिनिटं

चि. छकुलीस,

अनेक आशीर्वाद. मी खुशाल. गुडघे कुरकुर करतात, पण त्यांचं ऐकून घ्यायला इथे कुणी नाही. दुकान बरं चाललंय. लोक हल्ली वेळ फोनवर बघतात आणि घड्याळ हौसेनं घालतात, त्यामुळे बंद पडलं तरी महिना महिना कळत नाही त्यांना.

पुढच्या महिन्यात तू तुझ्या ठमीला न्यायला येणार, हे पत्रातून कळलं. मोठं घर घेतलंस, आनंद आहे. पण फोनवर दर वेळी मी 'ठमी मजेत आहे' म्हणायचो ना, ते गेले चार महिने अर्धवट होतं. तिला डायबेटिस आहे. हो, मांजरांनाही होतो. मलाही हसू आलं होतं, डॉक्टरबाईंचा चेहरा पाहून आवरलं.

सुरुवात पाण्यापासून झाली. वाडगा भरावा तो रिकामा. मला वाटलं, वाडग्याला चीर गेलीय. तुझ्या बापानं डोळ्याला भिंग लावून अर्धा तास वाडगा तपासला, पण मांजराकडे पाहिलं नाही. ती दुप्पट खात होती आणि तरी खंगत चालली होती. मग मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालायला लागली, तेव्हा माझे डोळे उघडले.

तेव्हापासून सकाळी सात, संध्याकाळी सात, इन्सुलिनची सुई. पाठीवरची सैल कातडी चिमटीत धरायची, बस. औषध किती, तर भिंतीवरच्या घड्याळाला मी तेल देतो जेमतेम तेवढं. आणि तेवढ्याशा थेंबानं तिच्या बरगड्या झाकल्या, तहान उतरली, आणि एके दिवशी बाईसाहेब काउंटरवर चढून माझे स्क्रू खाली ढकलायला लागल्या. चाळीस वर्षं बंद पडलेल्या वस्तू चालू करतोय, पण असं काही पाहिलं नव्हतं. मी नुसता बघत बसायचो. गिऱ्हाईक खोकायचं तेव्हा भानावर यायचो.

इथपर्यंत लिहून उगाच दोन घड्याळं पुसली. टाळत होतो.

मागच्या महिन्यात एका सकाळी ठमीनं ताटलीला तोंड लावलं नाही. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, खाल्लं नाही तर सुई द्यायची नाही, मला फोन करायचा. पण दुकानातल्या सगळ्या घड्याळांनी साताचे ठोके दिले, आणि तुझा बाप तुला ठाऊक आहे. खाईल मागाहून, वेळ चुकता कामा नये, म्हणून दिली सुई. नऊच्या सुमाराला ती झोकांड्या खात आली आणि माझ्या पायाशी आडवी झाली. डोळे उघडे, पण ओळख नाही. फोनवर बाई म्हणाल्या, साखर एकदम उतरलीय, हिरड्यांना मध चोळा आणि तशीच घेऊन या. तिळाएवढे स्क्रू काढतो गं मी. त्या दिवशी मधाची बाटली उघडेना.

दोन दिवस ती दवाखान्यात होती. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "काका, घड्याळ नंतर. आधी ताटली बघायची."

घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी मी सुई हातात घ्यायला धजेना. ठमीनं ताटली चाटूनपुसून साफ केली. मला वाटलं, आता पलंगाखाली दडेल. ती आली, माझ्याकडे पाठ करून बसली आणि वाट पाहत राहिली. ज्या हातानं तिला मारलंच होतं जवळजवळ, त्याच हाताखाली. छकुली, हे कुठून येतं? उभ्या जन्मात माझ्यावर कुणी एवढा भरवसा टाकलेला मला आठवत नाही. मी रडलो, लपवत नाही.

हे सांगितलं नसतं, तर तिला इथेच ठेवायचा हट्ट मला धरता आला असता. म्हातारी झालीय, प्रवास झेपणार नाही, सतरा सबबी तयार होत्या. घरात माझ्याशी बोलणारी तीच एक. पण तू नेलीस आणि ऑफिसच्या घाईत तुझ्या हातून हेच झालं तर? तूही माझीच मुलगी, मिनिटाला मिनिट जुळवणारी. म्हणून लिहिलं. ती खाते की नाही, ते जवळ बसून बघायचं. जरा कमी खाल्लं तरी डॉक्टरला विचारायचं. मध घरात हवाच.

आता न्यायची की माझ्या हाती ठेवायची, ते तू ठरव. नेलीस तर तिचं सामान मी बांधून देईन, तोंड वाकडं करणार नाही. फक्त त्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत थांब आणि माझ्यासमोर एकदा तू सुई दे. तुझ्या हाताखाली ती कशी बसते, ते मला बघायचंय.

तुझा,
चुकलेला बाबा