जस्ताची जोडी

प्रिय मापाडी,

तुझं पत्र मिळालं. दीड पान पंपाच्या तेलावर, आणि शेवटी जाता जाता, की पाय आता बरा आहे. घर सोडून कायमचं भाचीकडे राहायला जायचं मनात आहे, हे मात्र मला भाचीनेच फोनवर सांगितलं. महिनाअखेर तिला तुझं उत्तर हवंय म्हणे. जिच्याबरोबर संसार केलास तिला ही बातमी तिसऱ्याकडून कळावी, याला काय म्हणायचं? असो, तुझा स्वभाव मला नवा नाही.

आधी कामाचं. जस्ताच्या दोन अणूंच्या पकडीचा आपण तेव्हा छापलेला आकडा चुकला. दूरच्या कुठल्याशा प्रयोगशाळेतल्या एका मुलीने जस्ताच्या जोडीचं सगळं काम नव्या यंत्रावर पुन्हा केलं आणि छापण्याआधी मला पाठवलं. वर्णपटात आपण पहिली म्हणून धरलेली रेघ दुसरी निघाली. खरी पहिली तिच्या डावीकडे होती, इतकी फिकी की आपल्या कागदावर ती पेनाच्या थरथरीत बुडून गेली. इथे काहीतरी आहे, असं तू तेव्हा म्हणाला होतास. आपल्या मार्गदर्शक सरांनी चष्मा पुसत तुला घरी जाऊन झोप काढायला सांगितलं होतं.

वाचता वाचता मला आपल्या प्रयोगशाळेबाहेरचा तो कॉरिडॉर आठवला. रेघांची मापं तुझी, म्हणून तू मापाडी; जस्ताची वाफ करायची भट्टी माझी, म्हणून मी भट्टीवाली. बाहेरच्यांना वाटायचं मी दारू गाळते. ती वाफ आर्गॉनबरोबर सुईएवढ्या भोकातून निर्वात पेटीत सोडली की गारठायची, आणि एरवी एकमेकांना ओळखही न दाखवणारे दोन अणू तिथे जोडीने राहायचे. लेझरने त्यांना छेडायचं आणि त्यांचं उत्तर पेनाने कागदावर उतरवायचं. भोक बुजलं की माझा जीव टांगणीला, कागद बाहेर आला की तुझा. मग ती लांबच लांब गुंडाळी फरशीवर पसरून, तू त्या टोकाने आणि मी या टोकाने, गुडघ्यांवर रांगत रेघा मोजायचो. झाडूवाल्या मावशी ओलांडून जाताना विचारायच्या, तुमच्या घरी टेबल नाही का. नव्हतंच. लग्नानंतरही कितीतरी दिवस नव्हतं. मला त्या दिवसांची फार आठवण येते.

आपण वेगळे झालो तेव्हा तुझी बहीण म्हणाली होती, जोडी जस्ताची, मग टिकणार कशी. मला ती थट्टा झोंबली. अणूंना बदलीच्या ऑर्डरी येत नाहीत. तुझी नोकरी तिकडे, माझी इकडे, आणि हट्ट दोघांचा सारखाच. धड भांडणसुद्धा झालं नाही. सह्या करून बाहेर पडलो, सवयीने एकाच बसमध्ये चढलो आणि तू माझंही तिकीट काढलंस.

त्या मुलीला मी कळवलंय की आकडा तिचाच बरोबर. तिची पहिली रेघ धरली की त्या दोन अणूंची एकमेकांवरची पकड आपण छापली त्याहून जास्त निघते. आपली चूक निघाली आणि मला चक्क आनंद झाला. कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुला सांगते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. भाचीकडे जाऊ नकोस. पोरगी गुणी आहे, पण तिच्या घरी तू पाहुणा होशील, आणि पाहुणा म्हणून तू पाणी मागायलाही अवघडतोस. इकडे ये. घर तळमजल्यावर आहे, मागची खोली रिकामीच असते. काल बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला. कुणासाठी, असं मिस्त्रीने विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, आमच्या ह्यांच्यासाठी. त्याने मान डोलावली आणि भिंतीला भोक पाडायला लागला. मी स्वयंपाकघरात जाऊन त्याच्यासाठी चहा टाकला. भाचीच्या आधी मला उत्तर दे.

तुझीच,
भट्टीवाली