बाबांचा देश मी बदलला

२ मार्च

झालं! बदलला देश!

पाच मिनिटांचं काम, आणि मी आठ दिवस नखं खात बसलो होतो. ती परदेशात शिकायला गेल्यापासून फोनवर एकच ऐकतोय — "इथे सगळे त्या ॲपवर असतात रे. सकाळी उठलं की मनात येईल ते त्यात बोलून ठेवायचं. पण तुमच्याकडे ते मिळत नाही." तुमच्याकडे! सहा महिन्यांपूर्वी हेच 'आपल्याकडे' होतं!

डोकं फिरलं. ॲप स्टोअरच्या सेटिंगमध्ये शिरलो, देशाच्या रकान्यात तिचा देश निवडला. पत्ता मागितला. तिच्या होस्टेलचा घातला, खोलीच्या नंबरासकट. पाठच आहे. मग एक लांबलचक सूचना आली, 'एक वर्ष' असं काहीतरी होतं तीत. कोण वाचतं! मान्य, मान्य, मान्य.

आणि आलं ॲप! दुपारभर गच्चीत पाण्याच्या टाकीला टेकून तिच्या मागच्या सगळ्या सकाळी ऐकल्या. एका सकाळी ती बोलता बोलता शिंकते आणि स्वतःच हसते. ती सकाळ अकरा वेळा ऐकली.

३ मार्च

आज संध्याकाळी बाबांशी वाजलं. विषय तोच. मी कॉलेज सोडलं. प्राचार्यांच्या टेबलावर ओळखपत्र आपटून आलो. दीड वर्ष झालं त्याला, पण आमच्या घरात ते रोज नव्याने घडतं.

बाबा ओरडत नाहीत. त्याचाच जास्त राग येतो. दोन वर्षांपासून त्यांच्या दोन्ही कानांत मशीन आहे, त्याचा आवाज फोनवरच्या ॲपमधून कमी-जास्त होतो. मी तापलो की ते शांतपणे खिशातून फोन काढतात, चष्मा लावतात, आणि बोटाने आवाज खाली ओढतात. माझा आवाज! समोर उभ्या पोराला बंद करतात! आज पार तळाशी नेला. मी बोलत राहिलो, ते पेपर वाचत राहिले.

आई म्हणाली, "आता भिंतीशी बोल. ती तरी इथेच असते."

४ मार्च

हे काय होऊन बसलं.

सकाळी बाबा फोन घेऊन माझ्या खोलीत आले. दीड वर्षात बहुतेक पहिल्यांदाच. "अरे, हे बघ जरा. नवं करून घ्या म्हणालं, मी दाबलं. आता म्हणतंय, हे ॲप तुमच्या देशात उपलब्ध नाही. आपल्या देशाला काय झालं?"

लगेच कळलं. त्यांचा फोन घेतला तेव्हा मीच चालू करून दिला होता. वेगळं खातं काढायचा कंटाळा, म्हणून माझंच टाकलं होतं त्यात. एक खातं, दोन फोन. मी फक्त माझा देश बदलला नाही, बाबांचाही बदलला.

आणि आवाज अडकलाय काल ठेवला तिथेच. तळाशी. मला ऐकायला नको म्हणून जिथे नेला होता, तिथेच!

ते वाट बघत उभे होते. मी काहीतरी बोललो, त्यांना ऐकू आलं नाही. मग पावतीपुस्तकाच्या मागे लिहून दिलं — 'कंपनीचा घोळ आहे. चार दिवसांत नीट होईल.'

त्यांनी वाचलं. माझ्या खांद्यावर थोपटलं. थोपटलं!

४ मार्च, दुपारी

परत बदलायला गेलो. 'आपण एका वर्षानंतर देश बदलू शकाल.' आता नीट वाचलं, प्रत्येक अक्षर.

नवं खातं काढून बघितलं. मशीन जुन्या खात्याला जोडलेलं आहे, नव्याला ओळखच देत नाही. कानाच्या केंद्रात फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "बाबांना मशीन घेऊन पाठव. पाच मिनिटांचं काम. पण खात्याला झालं काय एवढं?"

फोन ठेवला मी. बाबांना न्यायचं म्हणजे त्या बाई त्यांच्यासमोर विचारणार, खात्याला काय झालं. आणि मी काय सांगणार? मला एका मुलीची शिंक ऐकायची होती?

७ मार्च

बाबांच्या दुरुस्तीच्या दुकानात एक शिलाई मशीन परत आलं. बाबांनी दुरुस्त केलेलं मशीन परत आलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या काकू स्वतः घेऊन आल्या, आणि त्यांनाच जास्त लाज वाटत होती. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अजून खरखरतंय रे. पण त्यांना सांगू नको, वाईट वाटेल."

बाबा शिलाई मशीन डोळ्यांनी दुरुस्त करतच नाहीत. चाक फिरवायचं, मान वाकडी करायची, ऐकायचं. मग म्हणायचं, "शटल कोरडं पडलंय." की पडलेलंच असतं. तीस वर्षं असं चाललंय.

आज जेवताना म्हणाले — स्वतःचं स्वतःला ऐकू येत नाही म्हणून फार मोठ्याने म्हणाले — "महिनाअखेर दुकान बंद करतो. उगाच लोकांची मशीनं बिघडवण्यात अर्थ नाही."

आईने ताटात हात तसाच ठेवला. मी पाणी प्यायलो. दोन ग्लास.

८ मार्च

नाही सांगितलं.

१० मार्च

आजही नाही. तिची सकाळही ऐकली नाही. नाही, खोटं कशाला, ऐकली. पण एकदाच.

१२ मार्च

काल बाबा एकटेच कुठेतरी जाऊन आले. "सुट्टे भाग आणायला गेलो होतो." पिशवी रिकामी होती. मिळाले नसतील.

आज सकाळी माझ्या अंगावरचं पांघरूण ओढलं. "ऊठ. मला ऐकू येत नाही, तुला तर येतं? तू ऐकायचं आणि लिहून द्यायचं, हात मी चालवतो. जमलं तर दुकान राहील. नाही जमलं तर एकतीसला कुलूप."

मी नाही म्हणू शकलो असतो का? दीड वर्ष हेच टाळत आलो होतो — दुकान, तेलकट हात, बाबांच्या शेजारचं ते स्टूल. आता कुठल्या तोंडाने टाळू?

१३ मार्च

काही ऐकू येत नाही. म्हणजे येतं, खडखड. सगळ्या मशीनची सारखीच खडखड. लिहून दिलं — 'आवाज येतोय.'

बाबांनी वाचलं. "वा! म्हणजे जिवंत आहे."

१६ मार्च

'पट्टा सैल' असं लिहिलं. बाबांनी पुन्हा चाक फिरवलं. "परत ऐक."

ऐकलं. 'पट्टा नाही. आत काहीतरी कोरडं.'

"हं." तेलाची कुपी उचलली. खरंच कोरडं होतं!

मी लिहून विचारलं, माझं चुकलंय हे तुम्हाला कसं कळलं? त्यांनी तळहात मशीनच्या फळीवर ठेवून दाखवला. "हाताला कळतं."

काय माणूस आहे. आणि मी त्याचं काय करून ठेवलंय.

२० मार्च

तिचा फोन. हसतच सुरुवात — "तू माझ्या सकाळी ऐकतोस? नाव दिसलं तुझं. कसं जमवलंस?"

छाती फुगवून सगळं सांगितलं. होस्टेलच्या पत्त्याचं ऐकून ती इतकी हसली की मला वाटलं, सार्थक झालं! मग त्याच भरात बाबांचंही सांगून गेलो.

हसणं थांबलं.

"अजून ऐकू येत नाही त्यांना?"

"नाही."

"सोळा दिवस? आणि तू सांगितलं नाहीस?"

"सांगणार आहे."

"आधी त्यांना सांग. तोवर मला फोन करू नकोस."

तापलो मी. म्हटलं, तुझ्यासाठीच केलं ना हे सगळं! ती म्हणाली, "मी सांगितलं होतं करायला? माझ्या गळ्यात नको मारूस."

ठेवला तिने. मी फोन भिंतीवर फेकणार होतो. मग आठवलं, याच रागाने ही वेळ आणलीय. ठेवला खाली.

२४ मार्च

आज सांगितलं.

असं लिहून किती बरं वाटतं. पण इथे तरी खरं लिहायला हवं.

दुकानात कोणी नव्हतं. बाबा माझ्याकडे पाठ करून खिडकीशी सुईत दोरा ओवत होते. मी स्टुलावरून म्हणालो — लिहिलं नाही, म्हणालो, आणि तेही नेहमीच्या आवाजात — "बाबा, कंपनीचा घोळ नाही तो. मी देश बदलला. ती तिकडे आहे म्हणून. तिच्या होस्टेलचा पत्ता टाकला. तुमचे कान मी घालवले, आणि वीस दिवस खोटं बोलतोय. कॉलेजही चुकून सोडलं, बाबा. राग होता, दुसरं काही नव्हतं. परत जायची लाज वाटते."

ते शेवटचं कुठून आलं कोण जाणे. ठरवलं नव्हतं.

बाबांचा दोरा सुईत जात नव्हता. तीनदा ओला केला. मग गेला. वळले, माझ्याकडे बघितलं, सुई पुढे केली. "धर. डोळे गेले आता."

बहिऱ्या माणसाच्या पाठीला कबुली दिली मी. याला सांगणं म्हणतात?

२५ मार्च

तिला फोन केला. "सांगितलं."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही."

खरंच तर आहे. ती म्हणाली, "त्यांना ऐकू तरी गेलं का?"

नेटवर्क गेल्याचं नाटक केलं. लाज नाही मला.

२९ मार्च

आई आतून हळूच म्हणाली, "चहा झालाय," आणि बाबा उठून आत गेले. वास आला असेल. आई तोंड फिरवून हसत होती. घरात एवढं होऊनही हिला हसू कसं येतं?

दुपारी एका गिऱ्हाइकाला मशीन पोचवायचं होतं, चिठ्ठी मी लिहीत होतो. बाबा म्हणाले, "पत्ता नीट लिही. परतीचा आपला घाल — आपला, हं."

दुसरा कुणाचा घालणार?

३१ मार्च

कुलूप लागलं नाही. बाबांनी विषयच काढला नाही. मीही नाही. संध्याकाळी दुकान मी झाडलं.

३ एप्रिल

गणवेशवाल्या काकू परत आल्या. मशीन चालवून दाखवलं. मी डोळे मिटले. कापडात सुई शिरताना दर वेळी बारीक 'टप्' होत होतं. लिहिलंही नाही, सरळ बोललो, "सुई बोथट आहे. बाकी मशीन ठणठणीत." सुई बदलली. टप् गेलं! काकू म्हणाल्या, "बापावर गेलास हो!"

बाबा मान खाली घालून स्क्रू पिळत होते. आधीच घट्ट असलेला.

इतका आनंद झाला की गल्लीच्या टोकापर्यंत उगाच चालत गेलो. आणि तिथे उभा राहून एकदम कसंतरी झालं. हे सगळं मला मिळतंय ते कशावर? त्यांचे कान बंद आहेत म्हणून! ते बरे झाले तर माझं स्टूल जाईल, असंही मनात येऊन गेलं. इतका नीच विचार!

ते ॲप फोनवरून काढून टाकलं. तिची शिंकही गेली. सोमवारी केंद्रात जातो. आधी त्या बाईंना सगळं सांगतो, मग बाबांना समोर बसवून, लिहून, माझ्या अक्षरात. मग हाकलू देत.

६ एप्रिल

केंद्रातल्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग वही उघडली. "अरे, तुझे बाबा अकरा मार्चलाच येऊन गेले. नवं खातं मीच काढून दिलं." मी म्हटलं, पण त्यांना ऐकू येत नाही! "येत नाही कसं? परवा फोनवर अर्धा तास सांगत होते, माझ्या शिलाई मशीनला तेल कुठलं घालायचं ते."

दुकानात परत आलो. ते पाठमोरे होते. मी दारातच थांबलो आणि जेमतेम ओठ हलवून म्हणालो, "बाबा, ते देशाचं... मी केलं होतं."

मान वरही केली नाही.

"ते सांगून झालंय तुझं. आता चहा सांग. साखर कमी."