फुकटच्या वर्गांची विद्यार्थिनी

प्रिय भिंगरी,

हे वळणदार अक्षर बघून दचकू नकोस. माझं नव्हे, मला कुठलं यायला. आमच्या वाचनालयात मंगळवारी दुपारी एक गृहस्थ बसतात आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं फुकट लिहून देतात. आयुष्यभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता निवृत्तीनंतर माझ्या काढतात. मी एक वाक्य बोलले की हे आधी त्याला मनातल्या मनात इस्त्री करतात. त्यांना बजावून ठेवलंय, मी बोलेन तसंच उतरवा; नात माझी आहे, तिला माझ्या सुरकुत्यांची सवय आहे. हेही त्यांनी लिहिलंय. मान खाली घालून, पण लिहिलंय.

रविवारी तू फोनवर विचारलंस, तिथली नोकरी आणखी काही वर्षांसाठी वाढवून देतायत, हो म्हणू की परत येऊ? महिनाअखेरीस तुला साहेबांना उत्तर द्यायचंय. मी लगेच म्हटलं, खुशाल राहा बाई, तू आलीस तर तुझ्यासाठी वेळ कुठून काढू, माझे वर्ग बुडतील. तू पोट धरून हसलीस आणि म्हणालीस, "आजी, तुझं हे ऐकलं ना, की मी निर्धास्त होते." मीही हसले. तर म्हटलं, ज्या वर्गांच्या भरवशावर तू निर्धास्त आहेस, ते एकदा सविस्तर सांगावेत.

सगळे याच वाचनालयात भरतात आणि सगळे फुकट. सकाळी खुर्चीवरचा व्यायाम असतो. शिकवणारी पोरगी काडीसारखी आहे. श्वास घ्या म्हणते, मग श्वास सोडा म्हणते, आणि आम्ही निम्म्या बायका तो सोडला तर परत येईल की नाही या काळजीत तसाच धरून बसतो. दुपारी कधी विणकाम, कधी मोबाइल कसा वापरावा, कधी कुणाचं भाषण. मागे प्राप्तिकर कसा वाचवावा यावर एक सल्लागार बोलले. मला ना प्राप्ती, ना कर, पण मी पहिल्या रांगेत. शेवटी कुणाला काही शंका आहे का म्हणाले, कुणीच हात वर करेना. बिचाऱ्याचं तोंड उतरलं, म्हणून मीच विचारलं, जेवलात का? सभागृह हसलं. ते मात्र हसले नाहीत, नाही म्हणाले. मग त्यांना आमच्या चहाबरोबरची बिस्किटं दिली. त्यांच्याही घरी विचारणारं कुणी नसावं.

नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून घेणारा वर्गही आहे. तिथे सरावासाठी कुणीतरी साहेब लागतो. एकदा मी सहज खुर्ची बघून टेकले, तर मलाच साहेब केलं. तुझ्याएवढी एक उंच मुलगी समोर बसली. मी विचारलं, तुझ्यात मोठा दोष कोणता? तर म्हणे, मी फार मेहनत करते. मी म्हटलं, हा दोष असेल तर तू घरीच बरी, जा. पुढच्या खेपेपासून ती माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवायला लागली. तिच्या खोलीवरच्या मैत्रिणींच्या तक्रारी सांगायची, माझं डोकं खायची. मला बरं वाटायचं. मग तिला खरंच नोकरी लागली आणि तिचं येणं थांबलं. ते बरोबरच आहे. ज्याचं काम होतं तो तिथून जातो. उरतो आम्ही, ज्यांचं मुळात काही काम नसतं.

प्रथमोपचाराच्या वर्गात मला फार मान आहे. पट्टी बांधायला कुणीतरी जखमी लागतो, आणि तरण्याताठ्यांना जखमी व्हायला लाज वाटते. म्हणून दर वेळी मीच. कधी मनगट मोडतं, कधी घोटा. ते माझा हात हातात घेतात, दुखतंय का विचारतात, हळूच गुंडाळतात, पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळतात. शिकवणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, आता दुसऱ्या कुणाला संधी देऊ या का? मी म्हटलं, नको, माझी हाडं आता सरावलीत. सगळे हसले. तू गेल्यापासून माझा हात कुणी धरला असेल तर तो तिथेच.

आता विचारशील, अक्षरं शिकवण्याचा वर्गही असेल की, तिथे का नाही जात? आहे. एकदा बसून आले. पण मला लिहिता आलं तर मंगळवारी यांच्यासमोर बसून काय करू? यांनी आत्ता मान वर करून बघितलं. लिहा हो, तुमच्याबद्दल वाईट काही नाही.

मागच्या आठवड्याची गंमत सांगायची राहिली. नेहमीसारखी गेले तर वाचनालयाला कुलूप. दारावर एक कागद डकवलेला. मला वाटलं, नवीन वर्गाची जाहिरात असेल. उघडायला उशीर होतोय म्हणून पायरीवर बसले. लोक यायचे, कागद बघायचे, मागे फिरायचे. मी मनात म्हटलं, काय ही माणसं, जराही दम नाही. संध्याकाळपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी हेच गृहस्थ तिथून चालले होते, मला बघून थांबले आणि म्हणाले, अहो, फरशी बदलतायत, आठवडाभर बंद, लिहिलंय की इथे. मग स्वतःच ओशाळले. मी म्हटलं, असू दे, पायरी तर उघडी आहे.

यात गंमत तुला एवढीच वाटेल, की आजी फसली. पण पुढचं ऐक. आठवडाभर बंद आहे हे मला नीट कळलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेणीफणी करून, पिशवी घेऊन तिथेच जाऊन बसले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. हे पुन्हा तिथून चालले होते, मला बघितलं. थोड्या अंतरावर पायरीवर बसले आणि पेपर मोठ्याने वाचायला लागले, जणू त्यांना तशीच सवय होती.

भिंगरी, मला घर खायला उठतं. तुझी आई गेली तेव्हा तू होतीस, तुला वाढवायचं होतं, रडायलाही ठरवून वेळ काढावा लागायचा. आता भांडं पडलं तरी त्याचा आवाज माझ्या एकटीच्या वाट्याला येतो. फोन वाजला की माझी जीभ तुला हसवायला धावते आणि खरं ते पोटात राहतं, म्हणून हे पत्र. तुझी नोकरी चांगली आहे, तू ती मेहनतीने मिळवलीस, मला माहीत आहे. राहिलीस तर मी रुसेन, पण जेवेन. त्याची काळजी नको. फक्त माझ्या चेष्टेवर विसंबून साहेबांना हो म्हणू नकोस. मला विचारलं होतंस ना, तर माझं खरं उत्तर असं, की तू परत ये. परत वाचून दाखवू का, असं हे विचारतायत. मी नको म्हटलं. ऐकलं तर मी हे फाडायला लावीन. तसंच पाकिटात घालतायत.

तुझीच, आणि तुझ्यावाचून दुसऱ्या कुणाची फारशी नसलेली,
आजी