आठ व्हॉल्व्ह आणि एक चहा

प्रिय दशरथ,

तुझ्या बायकोनं मला तुझ्या मोटारीजवळ फिरकायला बंदी केलीय. हातात वही-पेन देऊन वहिनी म्हणाल्या, "चहा होईस्तोवर गप बसा. बसवत नसंल तर त्यांना चार ओळी लिहा." म्हणून तुझ्याच पोर्चमध्ये, तुझ्याच स्टुलावर बसून लिहितोय. मान सारखी तिकडं वळते.

आधी कबूल करतो. तुझे व्हॉल्व्ह मी मिसळले.

तुझ्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी आलो होतो. घरात बसवेना, रडू येईना, हातांना काम पाहिजे होतं. इंजिन तू उघडून ठेवलेलं. मिठाईच्या खोक्याला आठ भोकं पाडून त्यात व्हॉल्व्ह ओळीनं खोचलेले. मला दिसली फक्त काजळी. आठही उपसले, डिझेलच्या टबात टाकले आणि घासून लखलखीत केले. मग लक्षात आलं, कुठला कुठल्या जागेचा? जो तो आपल्या जागी वर्षानुवर्षं घासून बसलेला, दुसऱ्याच्या जागी दाब धरत नाही, हे तूच शंभरदा सांगितलेलं. पण खोक्यावर नंबर टाकायला काय झालं होतं रे तुला?

"शेषराव, तुला लई घाई," तू म्हणायचास. व्हय बाबा, आहे. त्या रविवारीही "थांब, चहा घेऊन जा," म्हणालास आणि मी फटफटीला किक मारून निघालो. संध्याकाळी तू गेलास. काय काम होतं मला? आता आठवतसुद्धा नाही.

दोन महिने कुणाला काही बोललो नाही. तुझी आई देवगाव रंगारीहून फोन करते. या गाडीतून तिला शहरात आणायचा शब्द तू दिलेलास ना! म्हणते, "लेकरू तर गेलं. गाडी तरी झाली का रे?" मी म्हणायचो, होतेय. शेवटी वहिनी म्हणाल्या, "होत नसंल तर भंगारात देऊ." तेव्हा तोंड उघडलं.

वाटलं, चिडतील. त्या म्हणाल्या, "मंग घासा की परत, नव्या जागी बसंस्तोवर."

व्हॉल्व्हला घासायची खरखरीत पेस्ट लावली, त्याला काठी चिकटवली आणि ती तळव्यांत फिरवायला लागलो. थोडा वेळ बघून त्यांनी ती काढूनच घेतली. "रागानं घासताय तुम्ही. द्या इकडं." ताक घुसळावं तशी सावकाश फिरवत त्यांनी पाच व्हॉल्व्ह बसवले. मी तीन.

तुझी परीक्षा आठवते? इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात ते वरचं झाकण, उलटं ठेवायचं, व्हॉल्व्हवरच्या खळग्यांत डिझेल ओतायचं, खाली कोरडा कागद. चहा होईस्तोवर डाग पडला नाही तर जमलं. आणि मी दर मिनिटाला हेड उचलून बघायचो. तू कधी ओरडला नाहीस. ओरडायला पाहिजे होतंस.

सकाळी डाग पडला, माझ्याच एका व्हॉल्व्हखाली. परत घासला. आता ही दुसरी खेप.

आत कप वाजले. वहिनी म्हणतायत, "झाला चहा. बघा आता."

डाग असेल तर परत घासीन, कितीही वेळा. नसेल तर तुझ्या आईला पुढच्या सीटवर बसवून आणीन, सावकाश, तू चालवायचास तशी. हा माझा शब्द. पण कागद आत्ता बघत नाही. आधी तुझ्या घरचा चहा घेतो, बसून, शेवटच्या घोटापर्यंत.

तुझा,
शेषराव